विश्वासघाताचा उपसागर

कैद्याजवळ कागद नव्हता, शाई नव्हती. अंगावरचे कपडे तेवढे होते. त्यानं एक दोरा घेतला आणि रोज त्याला एक गाठ मारायला सुरुवात केली. दिवसात काही बरं घडलं की सदऱ्याच्या झालरीतला पांढरा धागा उसवून त्या गाठीत अडकवायचा. वाईट घडलं तर गळ्यातल्या रेशमी रुमालाचा काळा. आणि ज्यात सुखही नाही नि दुःखही नाही, पण लक्षात ठेवायला हवं असं काही घडलं, तर गणवेशाच्या अस्तराचा हिरवा. अधूनमधून तो दोरा हातात घेऊन एकेक गाठ चाचपायची आणि त्या त्या दिवसाची उजळणी करायची. जपमाळ ओढावी तशी.

साल १८११. कैद जपानची. कैदी रशियाच्या झारच्या आरमारातला कप्तान, वसिली मिखाइलोविच गोलोव्निन, वय वर्षं पस्तीस. पुढं सुटून गेल्यावर त्यानं या कैदेवर पुस्तक लिहिलं, ते १८१६ मध्ये छापून आलं आणि बघता बघता युरोपातल्या बऱ्याच भाषांत गेलं. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचलं. रशियन मला येत नाही. कैद्यांच्या आठवणी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यांत पांढरा आणि काळा धागा सगळ्यांकडे असतो. हिरवा फार थोड्यांकडे.

त्याला जिथं पकडलं ती जागा नकाशावर आजही सापडते. जपानच्या होक्काइदो बेटाला जवळजवळ खेटून कुनाशिर नावाचं लांबट बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाच्या उपसागराला रशियन नकाशांत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ‘विश्वासघाताचा उपसागर’. गोलोव्निनला तिथं सोडून परत फिरावं लागलेल्या त्याच्या सोबत्यांनी हे नाव ठेवलं. विश्वासघात झाला, हे खरंच. पण कुणी कुणाचा केला, हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही, आणि त्याची सुरुवात कुनाशिरच्या कितीतरी आधी होते.

गोलोव्निन घराण्यानं जुना सरदार. मॉस्कोच्या आग्नेयेला र्‍याझान प्रांतात गुलिन्की नावाचं गाव, गावात वाडवडलांची जमीन आणि त्या जमिनीला बांधलेली भूदास कुळं. घरची रीत सैन्यात जाण्याची, पण आईवडील लवकर गेले आणि पोरक्या मुलाला नातलगांनी बाराव्या वर्षी क्रोनश्तातच्या आरमारी शाळेत घातलं. दोनच वर्षांत, १७९० मध्ये, स्वीडनविरुद्धच्या लढायांत तो जहाजावर होता. १७९२ मध्ये शिक्षण संपलं तरी अधिकारी होण्याइतकं वय भरलं नव्हतं म्हणून त्याला आणखी एक वर्ष शाळेतच बसवून ठेवलं. याच शाळेत त्याला प्योत्र रिकोर्द भेटला. त्याच वयाचा, बापाकडून इटालियन वंशाचा. हे नाव लक्षात ठेवा.

१८०२ मध्ये रशियानं निवडक तरुण अधिकारी ब्रिटिश आरमारात शिकायला धाडले, त्यांत गोलोव्निन होता. तीन-चार वर्षं तो इंग्रजी जहाजांवर राहिला, कॉर्नवॉलिस, नेल्सन, कॉलिंगवुड यांच्या हाताखालच्या ताफ्यांत. परत आल्यावर त्याला ‘दियाना’ नावाचं गलबत मिळालं. मुळात ते लाकूड वाहून नेण्यासाठी बांधलेलं, डागडुजी करून जगप्रवासाला जुंपलेलं. उपकप्तान म्हणून त्यानं रिकोर्दला मागून घेतलं. जुलै १८०७ मध्ये साठेक माणसांनिशी दियाना क्रोनश्तातहून निघाली. काम होतं प्रशांत महासागराच्या उत्तर टोकाला जाऊन किनारे मोजायचं. (या लेखातल्या तारखा तेव्हाच्या रशियन पंचांगाच्या आहेत, आजच्या तारखांपेक्षा बारा दिवसांनी मागे.)

एप्रिल १८०८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, सायमन्स टाउनच्या बंदरात त्यानं नांगर टाकला तेव्हा जगात बरंच काही बदललं होतं. झारनं नेपोलियनशी हातमिळवणी केली होती, आणि रशिया-ब्रिटन युद्ध जाहीर झालं होतं. ज्या आरमारात तो शिकला त्याच आरमारानं त्याला अडकवून ठेवलं. तुरुंग नव्हे, गलबत बंदरातच, ब्रिटिश जहाजांच्या मधोमध, शिडं उतरवलेलं. न सांगता निघून जाणार नाही असा लेखी शब्द त्याच्याकडून घेतला होता. एका सभ्य गृहस्थानं दुसऱ्याला दिलेला शब्द. त्या काळी युरोपात अशा शब्दावर सरदार माणसं मोकळी फिरत.

लंडनहून उत्तर येईना. धान्य संपत चाललं. बंदरातल्या व्हाइस ॲडमिरलनं रसद देण्याऐवजी रशियन खलाशांनी ब्रिटिश जहाजांवर येऊन काम करावं असा निरोप धाडला. तेरा महिने गेले. १६ मे १८०९ च्या संध्याकाळी वादळी वारा सुटला, पाऊस कोसळू लागला आणि गोलोव्निननं नांगराचे दोर कापून टाकायचा हुकूम दिला. नांगर वर ओढण्याइतका वेळ नव्हता. अधिकारी, खलाशी, सगळेच डोलकाठ्यांवर चढले. जवळच्या एका जहाजावरून कुणीतरी ओरडून इशाराही दिला, पण वादळात पाठलाग कोण करणार? रात्री दहाच्या सुमारास दियाना उघड्या महासागरात होती. मागं त्यानं पत्रं ठेवली होती. माणसांना उपाशी ठेवणाऱ्यांना दिलेला शब्द आपल्यावर बंधनकारक राहत नाही, असा त्यांचा मथितार्थ.

युक्तिवाद मला पटतो. तरी शब्द मोडला तो मोडलाच, आणि पुढं जपानमध्ये एका परक्या सरकारनं जेव्हा विचारलं, की तुमच्या लोकांच्या शब्दावर आम्ही का विश्वास ठेवायचा, तेव्हा हा माणूस तो प्रश्न पहिल्यांदा ऐकत नव्हता.

दियाना १८०९ च्या सप्टेंबरात कामचात्काच्या पेत्रोपाव्लोव्स्क बंदराला लागली. एक फेरी रशियन अमेरिकेला, म्हणजे अलास्काला झाली. आणि १८११ च्या उन्हाळ्यात कुरील बेटांची मोजणी करत करत गोलोव्निन दक्षिणेकडे सरकू लागला.

इथं थोडं मागं जायला हवं. १८०४ मध्ये निकोलाय रेझानोव हा झारचा वकील व्यापाराची परवानगी मागायला नागासाकीला गेला होता. जपाननं दीड शतकाहून अधिक काळ दारं मिटून घेतलेली. डच आणि चिनी व्यापाऱ्यांसाठी नागासाकीत एक फट तेवढी उघडी. रेझानोवला सहा महिने ताटकळत ठेवलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. अपमान त्याच्या जिव्हारी लागला. त्यानं ख्वोस्तोव आणि दाविदोव या दोन तरुण नौदल अधिकाऱ्यांना जपानी वसाहतींना धडा शिकवायला सांगितलं, मग निघायच्या वेळी त्या हुकमावर असा एक दुसरा हुकूम दिला की जावं की न जावं तेच कळेना. ख्वोस्तोवनं जायचं ठरवलं. १८०६ आणि १८०७ मध्ये त्यांनी साखालिन आणि इतुरुप या बेटांवर कोठारं लुटली, घरं जाळली, माणसं धरून नेली. तांदूळ, साके, हाती लागेल ते. आणि साखालिनच्या मूळ रहिवाशांपैकी एका ऐनू म्होरक्याला चांदीचं पदक आणि एक लेखी कागद दिला: हे बेट आता रशियाच्या छत्राखाली.

झारला यातलं काही ठाऊक नव्हतं. परत आल्यावर ओखोत्स्कच्या अधिकाऱ्यानं त्या दोघांना तुरुंगातच टाकलं, ते तिथून पळाले, स्वीडनच्या लढाईत गेले आणि १८०९ मध्ये पीटर्सबर्गला नेवा नदीत बुडून मेले, रात्री उघडणाऱ्या पुलावरून उडी मारताना. रेझानोव त्याआधीच, १८०७ मध्ये, सायबेरियात वारला होता. म्हणजे गोलोव्निन कुनाशिरला पोचला तेव्हा ज्यांनी जाब द्यायचा ते तिघंही हयात नव्हते. त्याला वाटलं, आपण पाणी आणि धान्य विकत घ्यायला आलो आहोत. किनाऱ्यावरच्यांना वाटलं, ते परत आले.

११ जुलैला तो कुनाशिरच्या छोट्या किल्ल्यात गेला. बरोबर मिडशिपमन फ्योदोर मूर, सुकाणूतज्ज्ञ अंद्रेई ख्लेब्निकोव, चार खलाशी आणि दुभाषा म्हणून अलेक्सेई नावाचा कुरील बेटवासी. आपला भरवसा आहे हे दिसावं म्हणून बंदुका नेल्या नाहीत. आत चहा झाला, भात-मासे झाले, साके झाली. मग किल्लेदार म्हणाला, होक्काइदोवरच्या मात्सुमाएच्या राज्यपालाचं उत्तर येईपर्यंत तुमचा एक अधिकारी ओलीस ठेवा. गोलोव्निननं नकार दिला. किल्लेदाराचा आवाज चढला, हात तलवारीवर गेला, आणि न कळणाऱ्या त्या भडिमारात गोलोव्निनला दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आले: रेझानोव, ख्वोस्तोव. अलेक्सेईनं घाबरत अर्थ सांगितला. तुमच्यातला एक जरी मी सोडला तर माझंच पोट फाडलं जाईल, असं तो म्हणतोय.

ते धावले. मूर आतच सापडला. बाकीचे दगड आणि वल्ह्यांचा मार चुकवत किनाऱ्यापर्यंत पोचले, आणि पाहतात तो काय, ओहोटी लागून होडी कोरड्यावर बसलेली. पाण्यापासून थोडी पावलं दूर.

रिकोर्दनं दियानावरून किल्ल्यावर दीडशेच्या वर गोळे झाडले. मातीच्या तटाला काही होईना आणि उथळ पाण्यात गलबत आणखी जवळ जाईना. शेवटी त्यानं कैद्यांचे कपडे, पुस्तकं, वस्तरे एका चिठ्ठीसह किनाऱ्यावर ठेवले आणि ओखोत्स्कचा रस्ता धरला. त्या दिवशी उपसागराला नाव मिळालं.

कैद्यांचा पुढचा प्रवास, कुनाशिर ते होक्काइदोवरचं हाकोदाते, जवळजवळ महिन्याचा. काही होडीतून, बराचसा पायी. हात मागं बांधलेले, गळ्यात फास, दोराचं टोक मागून चालणाऱ्या पहारेकऱ्याच्या हातात. बोटाएवढ्या जाडीच्या त्या दोऱ्या इतक्या बेतानं बांधलेल्या की हिसका द्यावा तर गळाच आवळावा. आणि हेच पहारेकरी हातात डहाळ्या घेऊन कैद्यांच्या तोंडावरचे डास आणि माश्या वारत होते. चॉपस्टिकांनी त्यांना घास भरवत होते. ओढा आला की पाठीवर घेऊन पलीकडं नेत होते. गावागावांत लोक बघायला जमत, पण दगड कुणी मारला नाही. म्हातारी माणसं परवानगी काढून साके नि फळं देत. दोरी सैल मात्र कुणी केली नाही. हुकूम बांधण्याचा होता.

आधी हाकोदाते, मग मात्सुमाए. पिंजऱ्यासारख्या कोठड्या, आणि चौकशी. ही चौकशी म्हणजे पुस्तकातला सगळ्यात रंगतदार भाग. रशियाचा सम्राट कसले कपडे घालतो? कसल्या घोड्यावर बसतो? पीटर्सबर्गच्या आसपास कोणते पक्षी आढळतात? राजवाड्याला खिडक्या किती, तोफा किती? प्रत्येक उत्तर लिहून घ्यायचं, मग तेच प्रश्न आठवड्यानं फिरवून विचारायचे. गोलोव्निन चिडायचा. एकदा त्यानं बजावलंच, की मारायचं तर मारा, पण असले प्रश्न आता पुरेत.

एक प्रश्न मात्र नुसता कुतूहलाचा नव्हता. १७९२ मध्ये लाक्समन नावाचा रशियन अधिकारी जपानला येऊन गेला होता. तेव्हा त्या रशियनांच्या डोक्यावर पावडर लावलेली लांब वेणी होती. आणि तुमचे केस हे असे आखूड. तेव्हा सांगा, मधल्या वर्षांत तुमच्या देशानं धर्म बदलला का? गोलोव्निनला हसू फुटलं. आमच्यात केसांचा धर्माशी संबंध नाही, असं त्यानं सांगितलं, तर जपानी चकित झाले. शेंडी, जटा, मुंडण यांचे अर्थ पिढ्यानपिढ्या जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना प्रश्न अगदीच वेडगळ वाटणार नाही. जपानच्या बाजूनं पाहिलं तर तो रास्तच होता.

आणि एके दिवशी त्याच्यासमोर ख्वोस्तोवचा तो कागद ठेवला गेला. चांदीच्या पदकाबरोबर दिलेला, सहीनिशी. हे काय आहे, ते वाचून सांगा.

काय सांगणार? ती माणसं व्यापारी कंपनीच्या जहाजांवरची होती, सरकारची नव्हती. तो म्हणत राहिला. मग हा गणवेश? ही सही? प्रकरण आणखी बिघडलं होतं ते असं, की कुरीलच्या काही रहिवाशांनी आधी जपान्यांच्या हाती सापडल्यावर जीव वाचवायला सांगून टाकलं होतं, आम्हाला रशियनांनीच हेरगिरीला धाडलं. दुभाषा अलेक्सेई त्याच लोकांतला. तो गप्प राहिला असता तर त्याचं काही बिघडत नव्हतं. पण त्यानं भर चौकशीत सांगितलं, की माझे लोक खोटं बोलले, माझं डोकं उडवलंत तरी मी हेच म्हणेन. ना सरदार, ना अधिकारी. झारच्या फौजेशी त्याचा काही संबंधही नव्हता.

मात्सुमाएचा राज्यपाल होता आराओ ताजिमानोकामी. त्यानं या परक्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, राजधानी एदोला अनुकूल अहवाल धाडला, त्यांना कोठडीतून काढून घरात ठेवलं. तरी सुटकेचं नाव निघेना. लोक भेटायला येऊ लागले. कुणी पंखा घेऊन यायचं, कुणी कोरा कागद: यावर रशियन अक्षरात काहीतरी लिहून द्या. एकानं तर लाक्समनच्या माणसानं वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला कागद आणून दाखवला, घडीवर घडी घालून जपलेला, कालच दिल्यासारखा कोरा करकरीत. दुभाषा मुराकामी तेइसुके झपाट्यानं रशियन शिकला. मग एदोहून बाबा साजुरो नावाचा विद्वान आला, डच भाषेचा पंडित, आणि त्याच्यासाठी कैदी गोलोव्निननं रशियन भाषेचं व्याकरण लिहिलं. स्वतःजवळ एकही व्याकरणाचं पुस्तक नसताना, आठवून आठवून. त्यावरून बाबानं जपानीत रशियन व्याकरण तयार केलं.

सगळेच काही विनम्र नव्हते. मामिया रिंझो नावाचा भूमापक आला. साखालिन हे बेट आहे, खंडाला जोडलेलं नाही, हे नुकतंच स्वतः जाऊन पाहिलेला. इतुरुपवर ख्वोस्तोवच्या हल्ल्यात तो हजर होता आणि पार्श्वभागी जखम झाली होती. ती तो अभिमानानं सांगे. सेक्स्टंट, होकायंत्र घेऊन आला आणि म्हणाला, चंद्रावरून रेखांश काढायला शिकवा. गोलोव्निन म्हणाला, त्याला पंचांगाची कोष्टकं लागतात, ती माझ्याजवळ नाहीत. मामियाला वाटलं हा मुद्दाम लपवतोय. रशियनांवर त्याचा अविश्वास कायम राहिला, आणि एदोला तो तसंच लिहीत राहिला. मला मामिया आवडतो. घर जळताना ज्यानं पाहिलं त्यानं आग लावणाऱ्यांच्या भाऊबंदाशी गोड का बोलावं?

सगळ्यात गुंतागुंतीचा माणूस मात्र मूर. सोबत्यांमध्ये तरुण, चित्रकार, हुशार. पंखे घेऊन येणाऱ्यांची गर्दी त्याच्याकडे अधिक. कैद लांबत गेली तसा तो बदलला. वडील जर्मन होते, तेव्हा मी रशियन नव्हे, असं जपान्यांना सांगू लागला. मला तुमच्या चाकरीत घ्या, अशी विनंती केली. पळून जायचं ठरू लागलं तेव्हा त्यानं नाही म्हटलं.

एप्रिल १८१२ मधल्या एका रात्री गोलोव्निन, ख्लेब्निकोव आणि चार खलाशी कुंपणाखालची माती उकरून बाहेर पडले. काठीला पटाशी बांधून केलेला एक भाला, हेच शस्त्र. बेत असा, की डोंगरातून लपतछपत समुद्राकडं जायचं, होडी बळकावायची. गोलोव्निनचा गुडघा पहिल्याच रात्री दुखावला. पुढं मकारोव नावाच्या खलाशाच्या कंबरपट्ट्याला धरून तो चढण चढत होता. मला सोडून जा, असं त्यानं सांगितलं. खलाशांनी ऐकलं नाही. रानातला पाला, कच्ची मुळं, लसणासारखी एक वनस्पती यांवर आठ-नऊ दिवस काढले आणि एका गावाजवळ धरले गेले. पुन्हा दोऱ्या.

गोलोव्निननं सांगितलं, दोष माझा एकट्याचा, बाकीच्यांनी माझा हुकूम पाळला. राज्यपाल आराओनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुम्ही जपानी असता तर परिणाम फार वाईट झाले असते; पण तुम्ही परके, आमचे कायदे तुम्हाला ठाऊक नाहीत, आणि आपल्या देशाची ओढ लागणं हा काही गुन्हा नव्हे. इंग्रजांच्या बंदरात शब्द मोडून पळालेल्या माणसाला हे जपानमध्ये ऐकायला मिळालं.

इकडं रिकोर्द हातावर हात ठेवून बसला नव्हता. १८१२ मध्ये तो कुनाशिरला परत आला. ख्वोस्तोवनं पळवून नेलेला गोरोजी नावाचा जपानी माणूस त्यानं बरोबर आणला होता, बदल्यात देण्यासाठी. गोरोजी किनाऱ्यावर गेला आणि येऊन म्हणाला, तुमचे लोक मारले गेले. रिकोर्द सूडाच्या विचारात होता तेवढ्यात एक मोठं व्यापारी जहाज त्याच्या हाती लागलं. त्याचा मालक ताकादाया काहेई, आवाजी बेटावरचा, चाळिशी ओलांडलेला, हाकोदातेचा नामांकित जहाजमालक. काहेई म्हणाला, तुमचा कप्तान जिवंत आहे. मी स्वतः तुमच्याबरोबर कामचात्काला येतो.

हे त्यानं का केलं? रिकोर्दनं त्याला धरलं होतं हे खरं, पण धरून नेलेला माणूस आणि स्वतःहून येणारा माणूस यांतला फरक काहेईला नेमका ठाऊक होता, आणि तो फरक त्यानं रिकोर्दला दाखवून दिला. पेत्रोपाव्लोव्स्कला ते हिवाळाभर एकाच घरात राहिले. आधी खुणांनी, मग मोडक्यातोडक्या शब्दांनी बोलणं. काहेईबरोबरची काही माणसं त्या थंडीत मेली. त्यानं रिकोर्दला एक गोष्ट पटवून दिली: तोफा नकोत, नजराणे नकोत. एक कागद आणा. ख्वोस्तोवनं जे केलं ते सरकारच्या हुकमावरून नव्हतं, असं तुमच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानं लिहिलेला.

कागदानं बिघडलेलं कागदानंच दुरुस्त होणार होतं.

हे सगळं गोड गोड घडलं असं समजू नका. १८१३ मध्ये पुन्हा कुनाशिरला आल्यावर रिकोर्द एकदा संशयानं काहीतरी कठोर बोलून गेला. काहेईनं नंतर त्याला सांगितलं, की त्या दिवशी तुम्हाला ठार करून स्वतः समुद्रात उडी घ्यायचं माझं ठरलं होतं. रिकोर्दनं ते प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. मैत्रीच्या कथांतून हा प्रसंग बहुधा गाळला जातो. मला वाटतं, तो नसेल तर कथेला अर्थच उरत नाही.

जपान्यांनी कैद्यांतल्या सिमानोव नावाच्या खलाशाला दियानावर पाठवलं, जिवंत असल्याचा पुरावा म्हणून. रिकोर्द धावत ओखोत्स्कला गेला, कागद घेऊन आला आणि सप्टेंबर १८१३ मध्ये हाकोदातेच्या बंदरात शिरला. पहिल्या भेटीचा घोळ पादत्राणांवरून झाला. जपानी अधिकाऱ्यांसमोर जोडे काढून बसायचं. रशियन अधिकाऱ्यानं गणवेशात अनवाणी बसणं हा अपमान. काहेईनं तोडगा काढला. रिकोर्दनं बुटांऐवजी हलके जोडे घालायचे आणि जपान्यांनी त्यांना ‘कातडी मोजे’ म्हणायचं. दोन साम्राज्यांची अब्रू मोज्यांनी राखली.

७ ऑक्टोबरला कैद्यांना सोडलं. कैदेला सव्वादोन वर्षं झाली होती. टोपी, तलवार परत. जपानी रेशमाचे, पण युरोपीय बेताचे कपडे अंगात. रिकोर्दला त्यातून मित्र ओळखायला क्षणभर लागला म्हणतात. घेतलेली बारीकसारीक वस्तूसुद्धा परत केली गेली, आणि बदल्यात एकही भेट कुणी स्वीकारली नाही. कायद्याला मान्य नव्हतं. बरोबर एक ताकीदपत्र दिलं: व्यापार होणार नाही, ख्रिस्ती धर्म इथं निषिद्ध आहे, पुन्हा या किनाऱ्याला येऊ नका.

मूरला कुणी काही बोललं नाही. गोलोव्निननं नाही, रिकोर्दनं नाही. तेच त्याला सोसलं नसावं. पेत्रोपाव्लोव्स्कला पोचल्यावर तो एकटा राहू लागला, शिकारीला जाऊ लागला, आणि नोव्हेंबरमध्ये एके दिवशी त्यानं स्वतःवरच गोळी झाडली. सोबत्यांनी त्याच्या थडग्यावर लेख कोरवला: निराशेनं त्याला जपानमध्ये वाट चुकवली, आणि ती चूक त्यानं पश्चात्तापानं धुऊन काढली, अशा आशयाचा. दगडावर हे कोरायला लावणारे तेच लोक होते ज्यांना तो सोडून गेला होता.

गोलोव्निन जुलै १८१४ मध्ये पीटर्सबर्गला पोचला, निघाल्याला सात वर्षं होत असताना. पुढचं आयुष्य कर्तबगारीचं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८१७ ते १८१९ ‘कामचात्का’ या गलबतावरून पृथ्वीप्रदक्षिणा. त्या गलबतावर शिकलेले लित्के आणि व्रांगेल पुढं स्वतःच मोठे दर्यावर्दी झाले. हवाईत राजा कामेहामेहाची भेट, आणि बरोबरच्या तिखानोव नावाच्या चित्रकारानं काढलेलं त्या राजाचं चित्र. तिखानोव जन्मानं भूदास होता. १८२३ पासून गोलोव्निन आरमाराचा महाअधीक्षक. त्याच्या कारकिर्दीत दोनशेहून अधिक जहाजं बांधली गेली, त्यांत रशियाच्या पहिल्या दहा वाफेच्या बोटी. तरी रशियन आरमार किती सडलं आहे हे त्यानं ‘मिडशिपमन मोरेखोदोव’ या टोपणनावानं लिहून ठेवलं. ते छापायला १८६१ साल उजाडलं, तो गेल्यावर तीस वर्षांनी.

पुस्तकाचा प्रवास मात्र अधिक मजेशीर. ते डचमध्ये गेलं, डच जहाजानं जपानला पोचलं, आणि भाषांतराला हाती आलं कुणाच्या? बाबा साजुरोच्या. ज्यानं त्याच्याकडून रशियन व्याकरण शिकलं त्याच्याच. बाबा ते पुरं होण्याआधी वारला. सहकाऱ्यांनी १८२५ मध्ये संपवलं. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांना आता वाचायला मिळालं, की त्यांचे प्रश्न कैद्याला कसे वाटले होते. त्या पुस्तकात आणखी एक गोष्ट होती. या देशाला आमच्या पीटर द ग्रेटसारखा एक राजा मिळाला तर थोड्याच वर्षांत तो पूर्वेकडच्या सगळ्या समुद्राचा धनी होईल, असं गोलोव्निननं लिहिलं होतं. १९०५ मध्ये त्सुशिमाला जपाननं झारचं आरमार बुडवलं तेव्हा हे वाक्य कितीजणांना आठवलं असेल?

आणि तो गोरोजी, ज्यानं खोटी बातमी आणली होती? त्यानं रशियातून येताना देवीची लस टोचण्याविषयीचं एक रशियन पुस्तक आणलं होतं. त्याचंही भाषांतर बाबा साजुरोनंच केलं. १८२४ मध्ये गोरोजीनं होक्काइदोत लस टोचायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला १८०२ च्या जूनमध्येच लस टोचली गेली होती. मिटलेल्या दाराच्या देशात ती पोचायला बावीस वर्षं आणि एक अपहरण लागलं.

१८३१ च्या उन्हाळ्यात पीटर्सबर्गला पटकीची साथ आली. २९ जूनला व्हाइस ॲडमिरल गोलोव्निन त्यात गेला, पंचावन्न वर्षांचा. ज्या मित्रोफानियेव्स्कोये दफनभूमीत त्याला पुरलं ती पुढं नाहीशी झाली, थडगं नाही. गुलिन्कीची जमीन आणि कुळं वारशानं पुढं गेली. ज्या चार खलाशांनी डोंगरात त्याला टाकून दिलं नाही, त्यांना सरकारनं वर्षाच्या पगाराएवढं तहहयात निवृत्तिवेतन दिलं.

काहेईला जपाननंही लगेच डोक्यावर घेतलं नाही. परक्यांबरोबर राहून आला म्हणून आधी नजरकैद, चौकशी, मग बक्षीस. तो १८२७ मध्ये आवाजी बेटावर वारला. विसाव्या शतकात शिबा र्‍योतारोनं त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि तो जपानमध्ये पुन्हा घरोघरी पोचला.

गोलोव्निनचं पुस्तक वाचून संपवल्यावर मी पुन्हा नकाशा उघडला. जिथं त्याची होडी ओहोटीनं कोरडी पडली त्या गावाला आता त्याचंच नाव आहे, गोलोव्निनो. मागच्या ज्वालामुखीलाही. आणि समोर विश्वासघाताचा उपसागर. दिलेला शब्द कुणी कुणी मोडला याची यादी मांडली तर कुनाशिरच्या किल्लेदाराचं नाव त्यात येईल, पण पहिलं येणार नाही. रिकोर्दनं उपसागराला ते नाव रागाच्या दिवशी दिलं. पुढं काहेई भेटल्यावर बदललं असतं तर बरं झालं असतं.

जपानी नकाशांत तोच उपसागर तोमारी या नावानं आहे, आणि बेट जपानचं म्हणूनच दाखवलेलं असतं. १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांनी ते घेतलं. होक्काइदोच्या नोत्सुके किनाऱ्यापासून कुनाशिर साधारण सोळा किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शांततेच्या तहावर रशिया आणि जपान यांच्या सह्या अजून झालेल्या नाहीत.